सिक्युरिटी क्लिअरन्सचा अर्ज आणि भारतातली आपली माणसं

"दादा, ऑफर हातात आहे, पण फॉर्ममध्ये भावाची नोकरी विचारली आहे. तो पाषाणला डीआरडीओत असतो. लिहू की नको?"

गेल्या काही वर्षांत हा फोन मला वेगवेगळ्या आवाजांत आला आहे. कुणाचे वडील बीएआरसी या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले, कुणाच्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, कुणाच्या नावावर साताऱ्याकडे दीड एकर. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: लिहा, सगळं लिहा. पण नुसतं "लिहा" म्हटल्याने भीती जात नाही. काय लिहायचं, कुठल्या रकान्यात, आणि वाचणारा ते कोणत्या नजरेने वाचतो, हे कळलं की माणूस निवांतपणे अर्ज भरतो. मी स्वतः या वाटेने गेलो आहे. त्या वेळी मराठीत हे समजावून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा लेख अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आणि तिथल्या संरक्षण खात्याशी संबंधित कंपनीत किंवा सरकारी खात्यात पहिल्यांदाच क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीचा, अर्ज भरणाऱ्यांसाठी आहे.

पहिली पायरी: हा अर्ज कसला आहे ते ओळखा

क्लिअरन्ससाठी आपल्या मनाने अर्ज करता येत नाही. कंपनीला किंवा सरकारी खात्याला तुमची गरज असली की तेच तुमचं नाव पुढे करतात. त्यासाठी तुमच्याकडून एक डॉलरही घेतला जात नाही. कुणी पैसे घेऊन क्लिअरन्स करून देतो म्हणाला तर तो फसवतो आहे. नागरिकत्व हवंच, ग्रीन कार्ड चालत नाही. परदेशी नागरिकाला अगदी मर्यादित माहिती पाहू देण्याची वेगळी परवानगी असते, पण ती क्वचित मिळते आणि तिला क्लिअरन्स म्हणत नाहीत.

पातळ्या तीन: कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. चौकशीचं बहुतेक काम ऑक्टोबर २०१९ पासून डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या डोक्यात कोर्ट म्हटलं की संशयाचा फायदा आरोपीला, हे पक्कं बसलेलं असतं. इथे उलट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या नेव्ही विरुद्ध ईगन या खटल्यात सांगितलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि शंका उरली तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूने जाईल. म्हणून "मी काय गुन्हा केलाय?" हा सूर इथे उपयोगाचा नाही. तुमच्यावर कुणी आरोप केलेला नसतो. तुमच्या बाबतीत धोका किती, एवढंच ते मोजत असतात, आणि मोजायला लागणारी माहिती पुरवणं तुमचं काम आहे.

दुसरी पायरी: तीन कलमं वाचून ठेवा

निर्णय ज्या नियमांवर होतो त्यांना बोलताना 'सीड फोर' म्हणतात. ते ८ जून २०१७ पासून लागू आहेत आणि त्यात ए ते एम अशी तेरा कलमं आहेत. दारू, कर्ज, गुन्हे, अमली पदार्थ असं सगळं त्यात येतं. आपल्या विषयाशी तीन कलमांचा थेट संबंध आहे.

कलम बी परकीय प्रभावाबद्दल आहे. परदेशातल्या माणसांमुळे, पैशामुळे किंवा जमिनीमुळे कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, किंवा तुमच्या मनात दोन बाजूंची ओढाताण होईल का, एवढंच ते विचारतं. तुमचं भारतावर प्रेम आहे का, हा तिथला प्रश्नच नाही. आईवर माया असणं हा दोष कुणीही मानत नाही. त्या मायेचा दोर दुसरं कुणी हातात घेऊ शकतं का, हे पाहिलं जातं.

कलम सी परकीय पसंतीबद्दल, म्हणजे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व, पासपोर्ट आणि तिथले हक्क वापरणं. इथे मोठा बदल झाला आहे आणि जुने लोक अजून जुनंच सांगतात. २०१७ च्या आधी चालू परदेशी पासपोर्ट जवळ असणं हीच मोठी अडचण होती. तो परत करा किंवा नष्ट करा, असा आग्रह असायचा. आता नियमातच लिहिलं आहे की दुहेरी नागरिकत्व एवढ्याच कारणावरून कुणाला नाकारता येत नाही. अडचण होते ती ते लपवलं तर, त्यातून खरा हितसंबंधांचा संघर्ष दिसला तर, किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकेचा पासपोर्ट वापरला नाही तर.

कलम ई वैयक्तिक वर्तनाबद्दल, म्हणजे मुख्यतः खरेपणाबद्दल. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगापर्यंत गोष्ट गेली नाही तरी क्लिअरन्स जातोच. भाऊ डीआरडीओत असणं ही समजावून सांगता येणारी गोष्ट आहे. भाऊ डीआरडीओत असताना "खासगी नोकरी" लिहिलंत, तर नंतर कुठलंही स्पष्टीकरण पुरत नाही.

भारत तर मित्रदेश, मग चिंता कसली, असंही काही जण म्हणतात. देश कोणता हे जरूर मोजलं जातं. चीन, रशिया किंवा इराणमध्ये नातेवाईक असलेल्यांची वाट आपल्याहून खडतर असते. पण मैत्रीमुळे प्रश्न संपत नाही. १९८५ मध्ये अमेरिकी नौदलाचा विश्लेषक जोनाथन पोलार्ड पकडला गेला, तो इस्रायलसाठी हेरगिरी करत होता. तेव्हापासून मित्रदेश असला तरी तपासायचंच, हे तिथल्या विचारात पक्कं बसलं आहे. भारताच्या बाबतीतही १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर इस्रो, डीआरडीओच्या काही प्रयोगशाळा आणि अणुऊर्जा खात्याच्या संस्था अमेरिकेच्या निर्यात निर्बंधांच्या यादीत होत्या. इस्रो आणि डीआरडीओशी संबंधित उरलेली नावं २०११ मध्ये निघाली, बीएआरसीचं थेट जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा या संस्थेत काम करणारा भाऊ किंवा वडील असतील तर प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे.

तिसरी पायरी: तुम्ही खरोखर दुहेरी नागरिक आहात का?

आपल्यातले बहुतेक जण नाहीत, पण पुष्कळांना आपण आहोत असं वाटतं. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. ज्या दिवशी तुम्ही अमेरिकेची शपथ घेतलीत त्याच दिवशी ते संपलं. सरेंडर सर्टिफिकेट हा फक्त त्याचा कागदी पुरावा. तो काढलेला नसेल तर आधी काढा, रद्द झालेला पासपोर्ट जपून ठेवा, आणि दोन्हींच्या प्रती अर्जाच्या फाइलला लावा. नागरिकत्व घेतल्यावरही भारतीय पासपोर्ट वापरून प्रवास केला असेल तर ती तारखेसह सांगायची गोष्ट आहे, कारण त्या वापराने भारताचाही कायदा मोडतो.

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड, हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. नावात 'सिटिझन' आहे आणि पुस्तिका पासपोर्टसारखी दिसते, त्यामुळे घोळ होतो. पण ओसीआयवाल्याला मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो जन्मभर चालणारा व्हिसा आणि काही आर्थिक सवलती, एवढंच. तरीही तो दुसऱ्या सरकारने दिलेला ओळखीचा कागद आहे आणि नियमात पासपोर्टबरोबर ओळखपत्राचाही उल्लेख आहे. माझा सल्ला असा: परदेशी पासपोर्ट आणि प्रवासाच्या ओळखपत्राचा प्रश्न येईल तिथे ओसीआयचा क्रमांक आणि तारीख द्या, आणि शेऱ्यात एक वाक्य लिहा की हे नागरिकत्व नाही, भारतीय नागरिकत्व अमुक तारखेला संपलं. नागरिकत्वाच्या प्रश्नात मात्र भारत "आजही आहे" असं लिहू नका. ते चूक ठरेल. जन्मापासून शपथेपर्यंतचा काळ लिहा.

खरे दुहेरी नागरिक आपल्यात दोन ठिकाणी भेटतात. पहिले गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक, त्यांची मुलं आणि नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. आजोबांच्या कागदांवर ज्यांनी ते घेतलं आणि पुढे अमेरिकेचं घेतलं, त्यांचं भारताचं गेलं पण पोर्तुगालचं राहिलं, कारण पोर्तुगाल दुसरं नागरिकत्व चालवून घेतो. अशांनी पोर्तुगीज पासपोर्ट आणि तिथलं नागरिक ओळखपत्र दोन्ही लिहावं. ते कशासाठी घेतलं हे सरळ सांगावं: युरोपात नोकरी, मुलांचं शिक्षण, जे असेल ते. पोर्तुगाल नेटोमधला देश आहे, आणि ज्या देशापासून धोका कमी त्याचं नागरिकत्व ही कलम सीमध्ये स्पष्टपणे सौम्य धरलेली बाब आहे.

दुसरे बेने इस्रायली. कोकणातून इस्रायलला गेलेली, घरात अजून मराठी बोलणारी ही ज्यू कुटुंबं. त्यांतले काही पुढे अमेरिकेत आले. इस्रायलच्या नागरिकाला इस्रायलमध्ये शिरताना इस्रायली पासपोर्टच दाखवावा लागतो, म्हणून त्यांच्याकडे दोन पासपोर्ट असणं कायद्याने भागच आहे. ते तसंच लिहायचं. मात्र अमेरिकेतून निघताना आणि परतताना अमेरिकेचाच. लष्करी सेवा केली असेल तर युनिट, वर्षं, हुद्दा सगळं द्यायचं. ती अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याआधीची असेल तर ते तुमच्या बाजूने मोजलं जातं.

चौथी पायरी: नातेवाइकांची वही करा

क्लिअरन्सचा अर्ज म्हणजे एसएफ-८६ हा फॉर्म, तो ऑनलाइन भरायचा असतो. फॉर्म उघडण्याआधी साधी वही घ्या आणि एक रविवार घरी फोन करण्यात घालवा. हीच पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि मराठी घरांचे खास अडथळे इथेच येतात.

प्रत्येकाबद्दल पूर्ण नाव, आधीची नावं, जन्मतारीख, जन्मगाव, नागरिकत्व, पत्ता, नोकरी, सरकार किंवा लष्कराशी संबंध, तुमचा संपर्क कसा आणि किती वेळा, हे लागतं. आई-वडील, सख्खी आणि सावत्र भावंडं, मुलं, सासू-सासरे या यादीत येतात. वारलेल्यांचीही नोंद करायची असते.

नावांपासून सुरुवात. आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलायचं. आईचं माहेरचं नाव सुमन विनायक आणि सासरचं सुलभा गजानन असेल तर दोन्ही लिहा आणि लग्नाचं वर्ष द्या. नाहीतर तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हेही शेऱ्यात एकदा समजावून टाका.

मग जन्मतारखा. वडिलांची एक जून, काकांची एक जून, आत्याचीही एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख सगळ्या कागदांवर चालत आली. अमेरिकेत बसलेल्या माणसाला हे संशयास्पद दिसू शकतं. कागदावरची तारीख लिहा आणि शेऱ्यात सांगा की त्या पिढीत शाळाप्रवेशाच्या वेळी तारीख अंदाजाने घालत. जिथे तुम्हालाच नक्की माहीत नाही तिथे अंदाजे असल्याची खूण करा.

भाऊ आणि बहीण या शब्दांनीही गोंधळ होतो. आपल्याला मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ सगळे भाऊच. फॉर्मला भाऊ म्हणजे सख्खा किंवा सावत्र. बाकीचे, आणि काका, मावशी, नवऱ्याचा किंवा बायकोचा भाऊ, हे नातेवाइकांच्या भागात येत नाहीत. पण त्यांच्याशी जवळीक असेल तर ते पुढच्या भागात, परदेशी संपर्कांत, येतात. मावशीने लहानपणी दोन वर्षं सांभाळलं आणि आजही दर रविवारी बोलणं होतं, तर तिचं नाव तिथे हवं.

आता सरकारी नोकरी. भारतात सरकार फार ठिकाणी आहे. स्टेट बँक, महावितरण, एसटी, तलाठी कार्यालय, अनुदानित शाळा, रेल्वे. निवृत्त आहेत म्हणून सोडून देऊ नका, पेन्शन सरकारकडून येते हेही लिहा. तलाठी मामा आणि डीआरडीओतला भाऊ या दोन नोंदींचं वजन सारखं नसतं, हे वाचणाऱ्याला कळतं. त्याला फक्त पूर्ण चित्र हवं असतं. खडकीच्या कारखान्यात, खडकवासल्याला एनडीएत किंवा पोलीस खात्यात कुणी असेल तर हुद्दा आणि काळ नीट विचारून घ्या. ते आपल्या कामाबद्दल तुमच्याशी बोलतात का, हे मुलाखतीत विचारलं जाईल. बोलत नसतील तर तसं सांगा. आणि एक विनंती: ही माहिती गोळा करताना भावाला त्याच्या कामाचे तपशील विचारू नका. संस्था, हुद्दा, वर्षं एवढं पुरे. त्याच्याही नोकरीला नियम आहेत.

संपर्क किती वेळा या प्रश्नात लोक हात आखडता घेतात. रोज व्हिडिओ कॉल होत असेल तर "रोज" लिहा. रोजचं "महिन्यातून एकदा" केल्याने नातं लहान होत नाही, तुमचं म्हणणं मात्र कमकुवत होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मला सांगितलं की क्लिअरन्स येईपर्यंत आईला फोन कमी करणार आहे. मी त्याला तेव्हाच म्हटलं, असं काही करू नकोस. कुणीही ते मागत नाही, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक आटलेला संपर्क उलट विचित्र दिसतो.

पाचवी पायरी: पैसा आणि जमीन

भारतातलं प्रत्येक खातं, फ्लॅट, जमिनीतला हिस्सा, शेअर्स, पीपीएफ, प्रॉव्हिडंट फंड, विमा यांची यादी करा: कधी घेतलं, कसं मिळालं, भागीदार कोण, डॉलरमध्ये आजची किंमत किती.

सातबारा जरूर काढून पाहा. वडील गेल्यावर गावी वारस नोंद होते, फेरफार होतो आणि तुमचं नाव बारा नावांच्या रांगेत लागतं. पुष्कळांना हे माहीतच नसतं. शेत पाहिलेलं नसलं तरी कागदावर तुम्ही मालक आहात. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येऊ शकते, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नाही. किंमत सांगताना रेडी रेकनरचा दर धरून तुमच्या हिश्श्याचा अंदाज द्या आणि तो अंदाज आहे असं लिहा.

ही मालमत्ता एकटी पाहिली जात नाही, ती तुमच्या अमेरिकेतल्या मालमत्तेशेजारी ठेवून पाहिली जाते. व्हर्जिनियात घर, फोर-ओ-वन-के हा निवृत्तीचा फंड, मुलांच्या कॉलेजचा फंड, आणि एकीकडे गावचा अर्धा एकर, तर त्या अर्ध्या एकराच्या धाकाने तुम्ही काही कराल असं कुणी म्हणणार नाही. उलट सगळी पुंजी पुण्यात तीन फ्लॅटमध्ये आणि इथे भाड्याचं घर असेल तर प्रश्न गंभीर होतो. म्हणून दोन्ही बाजूंचे आकडे तयार ठेवा. क्लिअरन्ससाठी घाईघाईने हक्कसोडपत्र करून देऊ नका. तो निर्णय घराण्याचा आहे, आणि तो न करताही बहुतेकांचं काम होतं.

कराची बाजू मात्र अर्जाआधी तपासाच. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशीसुद्धा १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा अहवाल, भरावा लागतो. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. आईच्या खात्यावर तुमचं नाव जोडलेलं असेल, पैसा पूर्ण तिचा असला, तरी ते खातं मोजलं जातं. आपली माणसं इथेच चुकतात. भारतीय म्युच्युअल फंडांना वेगळा फॉर्म लागतो. जुनं बचत खातं अजून साधंच राहिलं असेल तर भारताच्या फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यायला हवं. मागच्या वर्षांचं काही राहिलं असेल तर परदेशी उत्पन्नाचं काम करणाऱ्या सीपीएकडे, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाकडे, जा, नियमित करून घ्या आणि अर्जात तसं सांगा. स्वतःहून दुरुस्त केलेली चूक आणि दुसऱ्याने पकडलेली चूक यांत फार अंतर आहे.

आई-वडिलांना दर महिन्याला पाठवलेले पैसेही लिहायचे असतात. रक्कम आणि कारण. म्हाताऱ्या आई-वडिलांचं औषधपाणी हे कुठल्याही देशातल्या माणसाला समजतं.

सहावी पायरी: मित्र, प्रवास, वकिलात, मतदान

परदेशी संपर्कांत मागच्या सात वर्षांतले, माया, प्रभाव, समान हितसंबंध किंवा उपकाराने बांधलेले लोक येतात. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले दीडशे जण नव्हे. त्यांतला जो तुमच्या आईला दवाखान्यात नेतो, ज्याच्याशी तुम्ही मनातलं बोलता, तो येतो. तुमच्या नवऱ्याचे किंवा बायकोचे असे जवळचेही.

सात वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास लागतो. पासपोर्टवरचे शिक्के, विमान कंपनीचे जुने मेल आणि गूगल फोटोंतल्या तारखा जुळवल्या की यादी होते.

वकिलातीबद्दलचा प्रश्न लोक घाईत "नाही" म्हणून सोडतात. नेहमीच्या व्हिसाच्या कामाला त्यात सूट आहे. पण फ्लॅट विकायला कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करायला न्यूयॉर्कच्या किंवा ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये गेला असाल, तिथल्या कार्यक्रमात अधिकाऱ्यांची ओळख होऊन नंतर बोलणं होत असेल, तर लिहा.

परदेशात कधी मतदान केलं का, हाही प्रश्न आहे आणि तो आयुष्यभराचा आहे. वीस वर्षांपूर्वी विधानसभेला बोटाला शाई लावून घेतली असेल तर "हो". तेव्हा तुम्ही भारताचे नागरिक होता, त्यात काहीच गैर नाही. नागरिकत्व गेल्यावर मात्र मतदान करायचं नाही, आणि गावच्या यादीत नाव राहिलं असेल तर फॉर्म ७ भरून काढून टाका.

सातवी पायरी: मुलाखत

चौकशी अधिकारी निर्णय देत नाही, तो माहिती गोळा करून अहवाल लिहितो. त्याला पटवून देण्याची गरज नाही, नीट सांगण्याची आहे. वही बरोबर न्या. फॉर्ममध्ये काही राहिलं असेल तर त्याने विचारण्याआधी स्वतः सांगा. तसं सांगणं नियमातही तुमच्या बाजूने धरलं आहे.

एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: भारतात तुमच्या भावाला कुणी त्रास देऊन तुमच्याकडून माहिती मागितली तर काय कराल? इथे देशभक्तीचं भाषण नको आणि "असं होणारच नाही" हेही नको. खरं आणि पुरेसं उत्तर हे की ताबडतोब माझ्या कंपनीच्या किंवा खात्याच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवेन. ते उत्तर घरी बसून आधी स्वतःला द्या, मुलाखतीत ते आपसूक येईल.

दरम्यान तात्पुरता क्लिअरन्स, म्हणजे चौकशी पूर्ण होईपर्यंत दिला जाणारा, नाकारला गेला तर खचू नका. परदेशी नाती जास्त असली की असं होऊ शकतं, आणि तो अंतिम निर्णय नसतो.

आठवी पायरी: आक्षेपांचं पत्र आलं तर

स्टेटमेंट ऑफ रीझन्स म्हणजे कोणत्या कलमाखाली काय आक्षेप आहेत याची यादी. खासगी कंपनीतल्या माणसाला उत्तराला २० दिवस मिळतात. प्रत्येक मुद्द्यावर मान्य की अमान्य ते लिहायचं, आणि न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. इथे वकील करा, आणि असा करा की जो हेच काम करतो. इमिग्रेशनचा वकील कितीही चांगला असला तरी हे वेगळं क्षेत्र आहे.

या सुनावण्या संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपील कार्यालयात होतात, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून डोहा म्हणतात, आणि तिथले निकाल अर्जदारांची नावं काढून सर्वांसाठी खुले असतात. भारतात नातेवाईक असलेल्यांचे निकाल त्यात आहेत. चार-पाच वाचा. न्यायाधीश काय तोलतो ते दिसेल: इथे किती वर्षं, घर कुठे, मुलं कुठे वाढली, पैसा कुठे आहे, शेजारी-सहकारी काय सांगतात, अर्जदार उघडपणे बोलला का. पुरावे त्याच दिशेने गोळा करा. घराची कागदपत्रं, करविवरणपत्रं, मुलांच्या शाळेतलं तुमचं काम, वरिष्ठांची पत्रं. भारत किती चांगला देश आहे यावर पानं खर्च करू नका. इथे तुमची मुळं किती खोल आहेत, ते दाखवा.

क्लिअरन्स मिळाल्यावर

आता अधूनमधून नव्हे, सततच पाहणी चालू असते. त्याशिवाय काही गोष्टी तुम्ही स्वतः कळवायच्या असतात: परदेश प्रवास आधी, नवं जवळचं परदेशी नातं, परदेशी पासपोर्टसाठी अर्ज. टॉप सीक्रेट असेल तर परदेशातलं खातं, जमीन, महिनाभराहून जास्त राहणारा परदेशी रूममेटसुद्धा. वडिलांच्या मागे वारस नोंदीत तुमचं नाव लागलं की तेही आलं. नेमकं काय आणि कुठल्या फॉर्मवर, ते तुमच्या सिक्युरिटी ऑफिसरला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा आणि त्यांचा फोन नंबर मोबाइलमध्ये घाला.

तो नंबर लागतो तो रात्री अडीच वाजता. पुण्याहून फोन येतो, बाबांना आयसीयूत हलवलंय, मिळेल त्या विमानाने ये. अशा वेळी फॉर्म भरून मंजुरीची वाट पाहत बसायची नसते, नियमातच त्याची सोय आहे. निघण्याआधी वरिष्ठांना किंवा सिक्युरिटी ऑफिसरला तोंडी कळवायचं: कुठे जातो आहे, का, कुठून विमान बदलणार, कुठे राहणार. उचलला नाही तर निरोप ठेवा आणि मेलही टाका. मग जा. बाबांजवळ बसा. परत आल्यावर कामाच्या पाच दिवसांत पूर्ण अहवाल भरून द्या.